छोट्या शहराचा विमानतळ: नुसते प्रवासी मोजून भागेल का?

उत्तरवारा (धागाकर्ता)

अमेरिकेत सार्वजनिक वापराला खुले असलेले विमानतळ साधारण पाच हजार आहेत. वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी विमानं सुटतात असे त्यातले जेमतेम पाचशे. बाकीच्या ठिकाणी तिकीट खिडकी नाही, सामानाचा पट्टा नाही आणि बहुतेक ठिकाणी कंट्रोल टॉवरही नाही. यातले बरेचसे त्या त्या शहराच्या किंवा काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) मालकीचे आहेत. असं असूनही छोट्या शहराच्या म्युनिसिपल विमानतळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथून विमानसेवा कधी सुरू होणार?" आणि ती सुरू होत नसेल तर दुसरा, "मग हा पांढरा हत्ती कशाला पोसायचा?"

माझं म्हणणं असं आहे की तिथून कोण उडून जातं यापेक्षा तिथे कोण ठाण मांडून काम करतं, यावर अशा विमानतळाचं मोल ठरतं. थोडं सविस्तर लिहितो.

आधी हे विमानतळ आले कुठून ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने वैमानिक तयार करण्यासाठी देशभर धावपट्ट्या बांधल्या. पुढे १९४४ च्या सरप्लस प्रॉपर्टी कायद्याखाली त्यातल्या शेकडो धावपट्ट्या शहरांना मिळाल्या, जागा विमानतळ म्हणूनच चालवायची या अटीवर. आठ-दहा हजार वस्तीच्या गावाबाहेर एवढी लांबरुंद धावपट्टी कशी, असं वाटतं त्याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं. कुणी मागणीचा अंदाज काढून ती बांधलेली नव्हती. ती पदरात पडली, आणि पुढे काही शहरांनी तिचं सोनं केलं, काहींनी तिथे गवत वाढू दिलं.

कॅन्ससमधलं इंडिपेंडन्स घ्या. वस्ती नऊ हजारांच्या आत. युद्धकाळातला लष्करी तळ नंतर शहराचा विमानतळ झाला. सेस्ना या विमान बनवणाऱ्या कंपनीने १९८६ मध्ये एका इंजिनाची छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं होतं, कारण तीस-तीस वर्षं जुन्या विमानांच्या अपघातांचे दावेही कंपनीवर यायचे. १९९४ मध्ये कायदा झाला आणि १८ वर्षांपेक्षा जुन्या विमानांच्या बाबतीत उत्पादकाची जबाबदारी मर्यादित झाली. मग सेस्नाने नवा कारखाना काढला, तो १९९६ मध्ये या गावच्या विमानतळावर. जगभरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये विद्यार्थी ज्या सेस्ना १७२ विमानावर शिकतात, ती तेव्हापासून इथे तयार होते. विमान कारखान्यातून बाहेर पडतं ते थेट धावपट्टीच्या दिशेने. प्रवासी संख्येच्या रकान्यात मात्र या गावापुढे काहीच दिसणार नाही.

दुसरं उदाहरण टेक्ससमधल्या ओल्नीचं. वस्ती तीन हजारांच्या घरात. तिथल्या म्युनिसिपल विमानतळावर एअर ट्रॅक्टर कंपनी शेतावर फवारणी करणारी विमानं बनवते. लेलँड स्नो या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे आपली पहिली कंपनी चालवायला सुरुवात केली, पुढे ती विकली. नव्या मालकांनी उत्पादन जॉर्जियात हलवलं, तेव्हा स्नो यांनी १९७२ मध्ये ओल्नीतच नव्याने एअर ट्रॅक्टर सुरू केली. २००८ पासून ती कामगारांच्या मालकीची आहे. त्यांचं ८०२ हे विमान ८०० गॅलन पाणी घेऊन वणव्यावर टाकू शकतं आणि ते कितीतरी देशांत वापरात आहे. तीन हजारांच्या गावातून जगभर निर्यात! आणि त्यासाठी शहराने दिलं काय, तर धावपट्टी आणि तिच्या कडेची जागा.

तुम्हाला काय वाटतं ते वाचायला आवडेल, विशेषतः विरोधी मतं.

---

माळरान

छान धागा. पूर्ण अनुमोदन, आणि थोडी भर.

कारखाना प्रत्येक गावाच्या नशिबात नसतो. पण अगदी साध्या विमानतळावरही रोज काय चालतं ते पाहा. पहाटे मोठ्या शहरातून सेस्ना कॅराव्हॅन येते, कुरिअरचा माल घेऊन. फेडेक्सने १९८० च्या दशकापासून अशा छोट्या विमानांचं जाळं उभं केलं. डिलिव्हरीच्या गाड्या आधीच येऊन उभ्या असतात, अर्ध्या तासात माल त्यांच्यात जातो आणि विमान दिवसभर तिथेच थांबतं. संध्याकाळी गावातला माल घेऊन परत. कापणीच्या दिवसांत यंत्राचा एक सुटा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी हातात पडणं म्हणजे काय, हे ज्याचं पीक उभं आहे त्याला विचारा.

आणि रात्री? टॉवर नाही, माणूस नाही, दिवे बंद. पेशंटला न्यायला येणारा वैमानिक विमानतळाच्या रेडिओ फ्रीक्वेन्सीवर माइकचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबतो आणि धावपट्टीचे दिवे पूर्ण प्रखर लागतात. पाच वेळा दाबलं तर मध्यम, तीन वेळा दाबलं तर मंद. पंधरा मिनिटांनी आपोआप बंद. किती कमी खर्चात केवढी मोठी सोय आहे ही! गावातल्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया होत नसेल, तरी तिथून मोठ्या रुग्णालयापर्यंतचं अंतर तासाभरावर येतं. छोटं रुग्णालय टिकतं ते अशा आधारावर. रुग्णालय गेलं की पाठोपाठ तरुण कुटुंबं जातात. हे कुठल्या हिशेबात धरणार?

---

हिशेबनीस

विषय महत्त्वाचा आहे म्हणून जरा कडक लिहितो, राग मानू नका.

ही उदाहरणं खरी आहेत, पण ती यशस्वी गावांतून निवडलेली आहेत. हजारो धावपट्ट्यांमधून दोन कारखाने दाखवले म्हणून धावपट्टीमुळे कारखाना येतो असं सिद्ध होत नाही.

दुसरं म्हणजे आर्थिक परिणामांचे अहवाल. जवळजवळ प्रत्येक राज्य असा अहवाल काढतं आणि त्यात प्रत्येक विमानतळापुढे "एकूण परिणाम इतके कोटी डॉलर" असा आकडा असतो. तो काढायची रीत साधारण ठरलेली. विमानतळावर काम करणाऱ्यांचे पगार आणि खर्च हा थेट परिणाम. त्यांनी ज्यांच्याकडून माल आणि सेवा घेतल्या तो अप्रत्यक्ष. या सगळ्यांनी पगार गावात खर्च केला तो तिसरा थर. वर बाहेरून आलेल्या पाहुण्यांचा हॉटेल-जेवणाचा खर्च. सगळं एका गुणकातून काढलं की आकडा फुगतो. विमानतळ नसता तर यातलं काय काय तरीही झालं असतं, हे मात्र कुणी विचारत नाही. पाहुणा गाडीने आला असता. मेकॅनिकला दुसरीकडे काम मिळालं असतं. तोच पैसा शहराने पाण्याच्या पाइपांवर घातला असता तर त्यालाही गुणक लागलाच असता की.

याहून काटेकोर संशोधनही झालेलं आहे. अर्थशास्त्रज्ञ जॅन ब्रुकनर यांनी २००३ मध्ये महानगर क्षेत्रांचा अभ्यास केला. हवाई प्रवासी १० टक्क्यांनी वाढले तर सेवाक्षेत्रातला रोजगार साधारण १ टक्क्याने वाढतो, असं त्यांना आढळलं. वस्तुनिर्माणाच्या रोजगारावर परिणाम दिसला नाही. आणि हे महानगरांचं झालं. तीन हजार वस्तीच्या गावाला ते लावता येत नाही, ना तुमच्या बाजूने ना माझ्या.

---

उत्तरवारा

हिशेबनीस, राग कसला, असेच प्रतिसाद हवे होते. गुणकांच्या अहवालांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. असा अहवाल दाखवून कुणी पैसे मागत असेल तर मीही आधी हाच प्रश्न विचारीन.

पण ब्रुकनर यांचा निष्कर्ष माझ्या मुद्द्याला धरूनच आहे असं मला वाटतं. प्रवासी वाढले की कारखाने येतात असं दिसत नाही, तर छोट्या गावाने प्रवासी संख्येमागे का धावावं? ओल्नी आणि इंडिपेंडन्स इथे कारखाना आला तो विमानसेवेमुळे नव्हे. जागा, धावपट्टी आणि मोकळं आकाश होतं म्हणून.

---

सहप्रवासी

विमानसेवेला इतकं हलकं लेखू नये असं वाटतं. बदलीवर येणारा डॉक्टर, कंपनीचा व्यवस्थापक, सुट्टीत घरी येणारा विद्यार्थी यांना विचारा. जवळचं मोठं विमानतळ चार तास गाडीवर असेल तर माणूस नोकरीच नाकारतो.

म्हणून तर १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरची बंधनं काढताना काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, इसेन्शियल एअर सर्व्हिस ही योजना आणली. कंपन्या तोट्याची गावं सोडून जाणार हे दिसत होतं, म्हणून अनुदान देऊन सेवा टिकवायची. योजना मुळात दहा वर्षांची होती. १९९६ मध्ये ती कायम झाली. शंभराहून जास्त गावं आजही त्यावर आहेत. ही गावं नकाशावर राहिली ती त्यामुळे.

---

हिशेबनीस

सहप्रवासी, गरज खरी आहे, पण ती सेवा किती तकलादू आहे हेही पाहा. बफेलोजवळ २००९ मध्ये कोल्गन या प्रादेशिक कंपनीचं विमान पडलं, ५० जण गेले. त्यानंतरच्या कायद्याने सहवैमानिकालाही १५०० तासांच्या अनुभवाची अट आली, २०१३ पासून. प्रादेशिक कंपन्यांना वैमानिक मिळेनात. त्यातच ५० आसनी जेट विमानं परवडेनाशी झाली. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट या प्रादेशिक विमान कंपनीने एकदम २९ अनुदानित गावांची सेवा सोडायची नोटीस दिली. नवी कंपनी मिळेपर्यंत सरकारने त्यांना थांबवून धरलं, म्हणून गावं एका रात्रीत उघडी पडली नाहीत. अनुदान मिळत असतानाही, वैमानिक नाहीत म्हणून कंपनी निघाली! अशा सेवेच्या भरवशावर शहराने वीस वर्षांचा आराखडा आखायचा?

आणि धागाकर्त्याच्या बाजूने एक मुद्दा देतो. प्रवासी मोजायचं वेड केंद्राच्या नियमांनीच लावलं आहे. वर्षाला १०,००० प्रवासी चढले की विमानतळ 'प्रायमरी' वर्गात जातो, आणि तिथे कितीतरी वर्षं किमान अनुदान १० लाख डॉलर होतं. त्याखालच्या बिगर-प्रायमरी विमानतळाला वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख मिळायचे. नऊ हजार नऊशे आणि दहा हजार यांत एवढी दरी! साहजिकच शहरं डिसेंबरमध्ये स्वस्त फेऱ्या काढून आकडा गाठायला बघतात.

---

कुंपणापलीकडे

सगळे विमानतळाच्या आतून बोलताहेत. कुंपणाबाहेर राहणाऱ्यांचं काय?

पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल अजूनही बहुतेक ठिकाणी शिसंमिश्रित आहे. गाड्यांतून शिसं जाऊन जमाना झाला. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त असल्याचं काउंटीनेच करवून घेतलेल्या अभ्यासात २०२१ मध्ये दिसलं. १ जानेवारी २०२२ पासून तिथे शिसंमिश्रित इंधनाची विक्री बंद झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएनेही या इंधनातून होणारं शिशाचं प्रदूषण आरोग्याला घातक असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. रोजगाराचे आकडे मांडताना लहान मुलांच्या डोक्यावर ही किंमत का चढवायची?

आणि गावाला विमानतळ नकोच असेल तर तोही हक्क गावाला हवा. कॅलिफोर्नियातल्याच सँटा मोनिका शहराने दशकानुदशकं भांडून २०१७ मध्ये केंद्राशी करार केला: धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० फुटांवर आणायची आणि २०२८ नंतर विमानतळ बंद करायची मुभा. एका शहराला स्वतःच्या जमिनीसाठी इतकं झगडावं लागतं, हे मला पटत नाही.

---

उत्तरवारा

कुंपणापलीकडे, शिशाच्या बाबतीत तुमच्याशी वाद घालावा असं माझ्याकडे काहीच नाही. ते जायलाच हवं, आणि बिनशिशाचं इंधन उपलब्ध करून देण्याचा खर्च विमानतळानेच उचलायला हवा.

सँटा मोनिकाची गोष्ट वेगळी वाटते मला. तिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे आणि काही मैलांवर दुसरे विमानतळ आहेत. माळावरच्या गावात ती जागा बंद करून काय उभं राहणार? आणि एकदा गेलेली धावपट्टी परत येत नाही. शिकागोच्या महापौरांनी मार्च २००३ मध्ये रातोरात तिथल्या मेग्ज फील्ड विमानतळाच्या धावपट्टीवर बुलडोझर घालून मोठमोठ्या फुल्या खणल्या. शहराला ३३ हजार डॉलर दंड झाला, अनुदानाचे १० लाख परत करावे लागले, पण विमानतळ गेला तो गेलाच.

---

तळटीप

अनुदान घेतलं की साधारण वीस वर्षं विमानतळ चालू ठेवण्याचं बंधन येतं, हे इथे सांगायला हवं. केंद्राच्या पैशाने घेतलेल्या जमिनीवरचं बंधन तर मुदतीशिवाय चालू राहतं. धावपट्टीच्या मोठ्या दुरुस्तीचे साधारण ९० टक्के पैसे केंद्राकडून येतात, पण त्याच्या पोटी शहर हा शब्द देतं. दुसरी अट म्हणजे विमानतळावरचं उत्पन्न विमानतळावरच खर्च करायचं. १९८२ पासून ते कायद्यात आहे. त्यामुळे "विमानतळ शहराच्या तिजोरीत काय घालतो" या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ शून्यच येणार. घालायची परवानगीच नाही! फायदा झाला तर तो नोकऱ्या आणि मालमत्ता करातून दिसायचा.

---

किनारा

ओहायोतल्या विल्मिंग्टनचं नाव अजून कुणी घेतलं नाही. बारा हजार वस्तीचं शहर. हवाई दलाचा जुना तळ, तिथे एअरबोर्न एक्स्प्रेस या कुरिअर कंपनीने मालवाहतुकीचं केंद्र उभारलं आणि २००३ मध्ये ती कंपनी डीएचएलने घेतली. आठ हजारांच्या आसपास लोक त्या तळावर कामाला. रात्रभर विमानं उतरायची, माल निवडला जायचा, पहाटेपर्यंत सगळी परत उडालेली. नोव्हेंबर २००८ मध्ये डीएचएलने अमेरिकेतली अंतर्गत सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेही मंदीच्या ऐन मध्यावर. आसपासच्या कितीतरी काउंट्यांतल्या घरांना झळ बसली. नवरा-बायको दोघंही तिथेच कामाला, अशी घरं होती. विम्यासकट सगळं गेलं.

धागाकर्त्यांचं "ठाण मांडून काम करणारे" हे सूत्र मला पटतं, पण ठाण मांडणारा एकच असला तर काय होतं ते इथे दिसतं. एका कंपनीसाठी सगळा विमानतळ वाहिला की गावाच्या हाती काही राहत नाही.

पुढचा भागही सांगते. तळ तोवर खाजगी मालकीचा होता. २०१० मध्ये डीएचएलने तो क्लिंटन काउंटीच्या पोर्ट ऑथॉरिटीला देऊन टाकला, म्हणजे तो लोकांचा झाला. विमान दुरुस्तीचं कौशल्य असलेली माणसं आणि मोठे हँगर (विमानं ठेवायच्या शेड) शिल्लक होते, तो धंदा टिकला. २०१५ मध्ये अॅमेझॉनने स्वतःच्या हवाई मालवाहतुकीची चाचणी घेतली ती तिथूनच. तरी गेलेल्या नोकऱ्या तेवढ्या संख्येने परत आल्या नाहीत.

---

माळरान

किनारा, फार महत्त्वाचं लिहिलंत. असंच छोट्या प्रमाणावर चेकच्या विमानांचं झालं. बँकांचे कागदी चेक रोज रात्री छोट्या विमानांतून शहराशहरांत फिरायचे. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये चेकच्या प्रतिमेवरून छापलेली प्रत कायदेशीर धरणारा कायदा लागू झाला आणि तो धंदा बघता बघता संपला. नवखे वैमानिक त्यावरच तास जमवायचे.

---

सहप्रवासी

मग एकाच कंपनीवर अवलंबून राहू नये आणि विमानसेवेवरही भरवसा ठेवू नये, तर शहराने नेमकं करायचं काय? मिझुरीत ब्रॅन्सनला २००९ मध्ये साधारण १५.५ कोटी डॉलर खर्चून खाजगी पैशातून विमानतळ उभा राहिला. पर्यटनाचं गाव, हौशी पर्यटक भरपूर. साउथवेस्ट ही विमान कंपनी २०१३ मध्ये आली आणि २०१४ मध्ये गेली, रोखेधारकांचे पैसे अडकले. स्पेनमधल्या सिउदाद रेआलचा तर एक अब्ज युरोचा विमानतळ २०१२ मध्ये बंदच पडला. ही उदाहरणं वाचली की काही करायचंच भय वाटतं.

---

उत्तरवारा

ही दोन्ही ठिकाणं प्रवाशांच्या अंदाजावर उभारलेली होती, म्हणूनच मला त्यांची भीती वाटत नाही. शहराने काय करावं याबद्दल माझं मत अगदी जमिनीवरचं आहे.

हँगरची प्रतीक्षायादी आधी मागवा. बऱ्याच छोट्या विमानतळांवर हँगर मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि शहर मात्र न येणाऱ्या विमान कंपनीची वाट पाहतंय. एक मेकॅनिक, एक फ्लाइंग स्कूल, एक फवारणीवाला, एक रुग्णवाहक विमान, असे चार-पाच वेगवेगळे भाडेकरू असतील तर एक गेल्याने छप्पर कोसळत नाही. धावपट्टी ५,००० फुटांची असेल तर कंपन्यांची बहुतेक छोटी खाजगी जेट उतरायला तयार होतात. हा ढोबळ आकडा आहे, पण विमा कंपन्याही साधारण तिथेच रेघ मारतात. आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांना घरांना परवानगी देऊ नका. कुंपणापलीकडे यांनी मांडलेली भांडणं पुष्कळदा तिथून सुरू होतात.

---

तळटीप

जीपीएसचा मुद्दा राहिला. ढग खाली असताना उतरायचं तर पूर्वी जमिनीवर महागडी आयएलएस (रेडिओ संकेतांनी विमान धावपट्टीकडे आणणारी) यंत्रणा लागायची, ती छोट्या गावाला परवडत नसे. २००३ मध्ये 'वास' (WAAS) ही जीपीएस अधिक अचूक करणारी उपग्रह प्रणाली सुरू झाली. आता गावाने एकही अँटेना न बसवता वैमानिक बऱ्याच ठिकाणी २००-२५० फुटांपर्यंत खाली येऊन धावपट्टी शोधू शकतो. रुग्णवाहक विमान आणि कंपनीचं जेट, दोघांनाही याचा फायदा होतो. अट एवढीच की मार्गात झाडं, मनोरे वाढू द्यायचे नाहीत.

---

हिशेबनीस

उत्तरवारा, प्रतीक्षायादीचा मुद्दा मान्य. ती खोटी फुगवता येत नाही, विशेषतः नाव नोंदवायला अनामत घेत असतील तर.

फक्त भाडेपट्ट्याकडे लक्ष असू द्या. सर्वसाधारण पद्धत अशी की जमीन शहराची, हँगर भाडेकरू बांधतो आणि वीस-तीस वर्षांनी तो शहराच्या मालकीचा होतो. शेवटच्या काही वर्षांत भाडेकरू छपरावर एक डॉलरही घालत नाही, कारण ते त्याचं राहणारच नसतं. शहराच्या ताब्यात गळकं शेड येतं. करारातच दर पाच वर्षांनी तपासणी आणि दुरुस्तीची जबाबदारी लिहून घ्यावी, आणि मुदतीच्या शेवटी नूतनीकरणाची संधी त्या दुरुस्तीशी बांधावी.

---

किनारा

हे कलम कुणाकडे तयार मसुद्याच्या रूपात असेल तर इथे टाकाल का? नगरपरिषदेच्या बैठकीत हातात कागद असला की बोलणं सोपं जातं.

---

हिशेबनीस

मसुदा लिहून आठवडाभरात इथेच टाकतो. तोवर आपापल्या शहराचे चालू भाडेपट्टे मागवून ठेवा. ती सार्वजनिक कागदपत्रं आहेत, अर्ज केला की मिळतात.